हातचा एक

फेब्रुवारीत लंडनची शाईसुद्धा आळसते.
क्लार्कनवेलच्या माडीवर डॉर्कस पेनफोल्ड
दौत काखेत धरून बसते थोडा वेळ,
मग लिहिते. नकलेच्या पानाला दीड पेनी.
थर्लबीसाहेबांचं अक्षर म्हणजे
साखरेपर्यंत पोचायच्या आधीच उधळलेली
मुंग्यांची रांग.

वकिली सोडलेला माणूस. कायदा त्याला वाटतो
आजोबांच्या कोटासारखा, ठिगळावर ठिगळ,
आणि खिशात नेमका कुणाचा हात
ते शिंप्यालाही ठाऊक नाही.
तो नवा शिवायला बसलाय, आधी मापं घेऊन.
शिक्षा हीसुद्धा वेदनाच, तो लिहितो,
आणि वेदना म्हणजे खर्च.
थोडक्यात भागत असेल तिथे
राज्याने दमडी जास्त खर्चू नये.
शेजारी रकाने: किती तीव्र, किती दिवस,
कितीजणांना.

डॉर्कसला रकाने आवडतात.
तिचा बाप मेणबत्त्या तोलून विकायचा,
मापात पाप केलं नाही, कर्जात मेला.

त्याच आठवड्यात ओल्ड बेलीच्या कठड्यात
तिची शेजारीण, टॅमसिन रूक, वय एकोणीस,
मालकिणीच्या कपाटातली पाच वार लेस.
राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा माल गेला
की फास: कायद्यात इतकं स्वच्छ लिहिलेलं.
बारा पंच. त्यातल्या चीजवाल्यानं
लेस बोटांत चोळून पाहिली, साल तपासावी तशी,
खोगीरवाल्याच्या कानात काहीतरी बोलला,
खोगीरवाला खोकला.
दोषी, ते म्हणाले.
मालाची किंमत: एकोणचाळीस शिलिंग.

लेस सहा गिनींची होती.
कोर्टातल्या मांजरालाही माहीत होतं.
आपल्या भाषेत तर या आकड्याच्या
पोटातच वजाबाकी आहे, एकानं उणे चाळीस,
आणि त्या उण्या एकावर टॅमसिनची मान राहिली.
सात वर्षं समुद्रापार.
पण मान राहिली.

दुसऱ्या दिवशी नकलेला आलेलं पान:
कायद्यात खोटं नसावं, दयेचं तर मुळीच नको.
आज बारा जणांना कळवळा आला,
उद्याच्या बारांचं पोट बिघडलेलं असेल.
डॉर्कसचा टाक थांबला.
गेल्या नाताळाआधी एका पोराच्या वेळी
चांदीचे चमचे बेचाळीस शिलिंगांचेच भरले होते.
बारांपैकी एकालाही खोटं सुचलं नाही.
तेव्हाही ती गर्दीत उभी होती,
पोराच्या बुटांना तळ नव्हते.

म्हातारा बरोबर होता. तिनं ओळ नीट उतरवली.
मग ‘कितीजणांना’च्या रकान्यात, पेन्सिलीनं,
कुणी न विचारता, लिहिलं: ३९.

संध्याकाळी त्यानं पान दिव्याशी नेलं.
‘हे माझं नाही.’
‘नाही साहेब. तुमचा कायदा कधी येईल?’
तो बोटं मोजू लागला, आधी समिती,
मग खालचं सभागृह, मग वरचं,
मग ज्यांची थडगी अजून बांधायची आहेत
असे काही लॉर्ड.
‘वीस वर्षं. तीस धर.’
‘तोवर?’

दिव्याची वात वाकडी जळत होती.
त्यानं ती कापली. पुन्हा कापली.
मग ती एवढी तोकडी झाली
की खोलीत दोघांचे फक्त हात दिसत होते.

आकडा त्यानं खोडला नाही.
त्याच्यापुढे मुंगीएवढं एक प्रश्नचिन्ह काढलं
आणि पैसे मोजून दिले.

जिना उतरून कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानापाशी
डॉर्कसनं मूठ उघडली.
एक शिलिंग जास्त होता.
हिशेबात हा माणूस कधी चुकत नसे.

तिनं तो परत केला नाही.
खर्चलाही नाही.